जुनाच विंच रंगवून नवा म्हणून बसवला

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कुळागर (सुपारीची बाग) असलेल्यांना पावसाळ्यात गाडीला विंच, म्हणजे दोर गुंडाळून रुतलेली गाडी खेचणारे मोटरचे यंत्र, का लागतो, हे वेगळे सांगायला नको. वाळपईच्या पुढे आमच्याकडे येणारा तांबड्या मातीचा चढ जूनपासून इतका निसरडा होतो की थारसुद्धा जागच्या जागी चाके फिरवत राहते. गाडीवर 8000 पौंडांचा, म्हणजे साधारण 3600 किलो ओढण्याच्या क्षमतेचा विंच होता. खताची भरलेली पिकअपही वर खेचता यावी, म्हणून 12000 पौंडांचा घ्यायचे ठरवले.

म्हापशाच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याने जुना विंच बदल्यात घेतला, बरीच रक्कम वजा केली आणि पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर फुकट दिला. सगळी लबाडी या फुकटच्या दोरात होती. 8000 पौंडांच्या विंचवर पोलादी दोर सुमारे 8 मिलिमीटर जाडीचा असतो आणि 12000 च्या विंचवर साडेनऊच्या आसपास. त्यामुळे दोर मोजला तरी विंचच्या ताकदीचा अंदाज येतो. सिंथेटिक दोर गुंडाळला की ही खूणच नाहीशी होते.

जुलैत पिकअप रुतली. मोटर घरघरली आणि थांबली. ड्रमवर दोराचे थर जितके जास्त, तितकी ओढ कमी, म्हणून शेवटचे दहाएक वेढे ठेवून बाकीचा दोर मोकळा केला, तरीही तेच. दोर सैल करताना ड्रम मोकळा करणाऱ्या क्लचच्या मुठीवर बोट फिरले, तर तिचा एक कोपरा उडालेला होता. पूर्वी चिऱ्यावर आपटून आमच्याच विंचचा उडाला होता तसा. नखाने 12000 चे स्टिकर उचलले, तर खाली जुन्या स्टिकरच्या डिंकाचा काळपट चौकोन निघाला. आमचाच विंच रंग मारून आम्हालाच विकला होता.

पैशांपेक्षा संताप वेगळ्याच गोष्टीचा येतो. दोर ज्यांवरून सरकतो ते पुढचे रोलर त्याने जुनेच ठेवले होते, आणि पोलादी दोराने त्यांवर पाडलेल्या धारदार चरांनी नवा दोर कुसकरायला सुरुवात झाली होती. सिंथेटिक दोराला रोलरऐवजी गुळगुळीत ॲल्युमिनियमचे फेअरलीड (दोर बाहेर येण्याची चौकट) लागते, हे त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसणे शक्य नाही. ताणलेला दोर ऐन चढावर तुटला असता, तर मागे ओढली जाणारी भरलेली पिकअप कोणी थोपवली असती?

विंच बदलणाऱ्यांनी खोका आपल्यासमोर उघडायला लावावा, क्षमता आणि अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि बदल्यात देण्याच्या विंचचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. आमच्या बिलावर नुसते ‘विंच अपग्रेड’ लिहिले होते. गॅरेजवाल्याने पैसे परत करायचे नाकारल्यावर आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. आमच्या तक्रारीला क्लचच्या मुठीचे जुने आणि नवे, दोन्ही फोटो जोडले आहेत.