पायाच्या अंगठ्याच्या बनियनसाठी (bunion) सिलिकॉन स्पेसर आणि रात्रीचा पट्टा : वापरानंतरचा अनुभव

स्पेसर म्हणजे अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये घालायचा मऊ तुकडा, आणि पट्टा झोपताना अंगठा सरळ धरून ठेवतो. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही वस्तू घेतल्या, आता उन्हाळा लागलाय. एवढ्या वापरावर मत द्यायला हरकत नाही.

माझ्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो. घरात सगळे ‘हाड वाढलंय’ म्हणतात, पण नवीन हाड सहसा वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पावलाकडे सरकतं, अंगठा करंगळीकडे झुकतो आणि दोघांमधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. यालाच बनियन म्हणतात. डॉक्टरांनी एक्स-रे उभं राहूनच काढायला लावला, कारण वजन पडल्यावर त्या हाडापासून अंगठा किती झुकलाय तो खरा कोन दिसतो. १५ अंशांच्या वर गेला की बनियन धरतात.

स्पेसरने बोटांचं घासणं थांबलं, मधलं कुरूपही मऊ पडलं. सुरुवातीला थोडा वेळच घाला, नाहीतर बोट ठणकतं. जोडवी मात्र काढावी लागली, आणि अंगठ्याच्या चपलेत हा बसतच नाही. पावसाळ्यात बोटांमधली कातडी पांढरी पडायची, म्हणून रोज साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. काही महिन्यांत चिकट होऊन फाटतो.

रात्रीच्या पट्ट्याबद्दल काय सांगू! लावलेला असेपर्यंत अंगठा सरळ, सकाळी काढला की चहा होईपर्यंत परत जागेवर. डब्यावरचं ‘शस्त्रक्रियेशिवाय कायमचा सरळ’ मनावर घेऊ नका. दुखणं थोडं हलकं होतं, वाकडेपणा जात नाही.

खरा फरक पडला पुढून रुंद, सपाट बुटांनी. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा आणि त्यावर बूट ठेवा. रेघ बाहेर दिसली तर तो बूट कितीही मऊ असो, घेऊ नका. संध्याकाळी मोजा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

दुसऱ्या बोटाचा मधला सांधाही वर उचललाय. याला हॅमर टो म्हणतात. हाताने अजून सरळ होतो, म्हणून टेपिंग आणि टॉवेल बोटांनी ओढायचा व्यायाम चालू आहे. एकदा ताठरला की गादी लावून घासणं वाचवायचं, नाहीतर ऑपरेशन. बनियनच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा हाड कापून सरकवतात, सूज उतरायला महिने जातात. दिसण्यासाठी करू नका, चालणं अवघड झालं तरच, असं डॉक्टरांचं मत.

जाऊबाईंनी स्पेसर मागितला, मी दिला नाही. त्यांना शुगर आहे, पाय बधिर असतात. दाब कळत नाही आणि जखम होते. कुरूपावरच्या औषधी पट्ट्यांमध्येही ॲसिड असतं, त्यांनी त्याही टाळाव्यात.

स्पेसर पुन्हा घेईन. पट्टा कुणाला हवा असेल तर घेऊन जा.