आर्डुइनोची दोन मोटरींची गाडी : विज्ञानाच्या तासाला आठ महिने वापरल्यावर

संच नेहमीचाच : आर्डुइनो उनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरी चालवणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअरच्या छोट्या), ६५ मिमी चाकं, एचसी-एसआर०४ सेन्सर (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा). सहावी ते आठवीसाठी घ्यावा का? जरूर घ्यावा, पण नुसती अडथळे चुकवणारी गाडी करायला नाही. तो तयार प्रोग्राम चढवला की मुलं टाळ्या वाजवतात आणि विज्ञान तिथंच संपतं. गाडी मोजमापाला जुंपली तरच पैसे वसूल.

सगळ्यात कस आहे तो सेन्सरमध्ये. तयार प्रोग्रामांत ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो. एप्रिलमध्ये वर्गात ३५ अंश असतील तर खरा वेग ३५२ च्या आसपास जातो, आणि पट्टीने मोजून १०० सेंमीवर ठेवलेला पुठ्ठा ९६-९७ सेंमीवर दिसतो. मुलं म्हणतात सेन्सर बिघडला. बदलून देऊ नका, तापमापी द्या. शून्य अंशाच्या ३३१ वर दर अंशाला ०.६ मीटर वाढ धरून वेग पुन्हा काढला की आकडा जुळतो, आणि तो जुळताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पुठ्ठा तिरका धरला किंवा समोर जाड पडदा आला की आकडे भरकटतात. परावर्तन आणि शोषण तिथंच दाखवून घ्यावं.

चाकाचा परीघ २०.४ सेंमी, म्हणजे दोन मीटरला जवळजवळ दहा फेरे. चाकावर खूण करून मोजायला लावा. गुळगुळीत फरशीवर चाक घसरलं की फेरे जास्त भरतात, घर्षणाचा धडा आपोआप होतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर वेगवान मोटरीचा पीडब्ल्यूएम आकडा (प्रोग्राममधला, मोटरीचा वेग ठरवणारा) ५-५ ने उतरवा. त्याआधी ड्रायव्हरवरच्या ईएनए, ईएनबी या दोन मोटरींचा वेग ठरवणाऱ्या पिनांवरच्या जंपर टोप्या काढून त्या पिना उनोच्या ५ आणि ६ ला जोडा, नाहीतर वेग बदलतच नाही.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र नको. मोटर सुरू होतानाचा प्रवाह तिला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, उनो रीसेट होत राहतो आणि मुलं प्रोग्राममधली चूक शोधत बसतात. सहा एए रिचार्जेबल सेल लावा : ७.२ व्होल्ट. ड्रायव्हर दोनेक खातो, उरलेले पाच मोटरींना पुरतात. सुटे लिथियम सेल या वयाच्या हातात देऊ नयेत, शॉर्ट झाले तर वायर क्षणात तापते. बॅटरी, ड्रायव्हर आणि उनो यांचं ग्राउंड (ऋण बाजूची जोडणी) एकत्र हवंच.

सगळ्यात आधी तुटतात मोटरींच्या तांब्याच्या पट्ट्या. वायर सोल्डर करून वर ग्लू गनचा थेंब सोडावा, आणि दोन मोटरी जादा आणून ठेवाव्यात.