शॉवरखालची जमीन: वाळू-सिमेंटचा कोबा की सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड?
बाथरूमच्या टाईल्स बदलताना माझी मैत्रीण या दोन्हींत अडकली आहे. मी तिला सांगितलं, शॉवरखाली सगळ्यात आधी ढाळ बघ: जाळीकडे दर मीटरला साधारण 2 सेंटीमीटर. कंपाउंड म्हणजे पाण्यात कालवून जमिनीवर ओतायचं पातळ मिश्रण. ते स्वतःच पसरून सपाट होतं, म्हणजे जो ढाळ हवा तोच मिळत नाही. कोबा पट्टीने ओढून हवा तसा उतरवता येतो. माल मुठीत दाबला की गोळा टिकेल इतकाच ओलसर कालवायचा. मी एकदा घाईत पातळ कालवला. जाळीच्या अलीकडे जमीन बसली आणि तिथे रोज पाणी साचायचं.

वेळेत मात्र कंपाउंड पुढे. काही तासांत त्यावर चालता येतं. कोब्याला काही दिवस पाणी मारायचं, मग वाळेपर्यंत थांबायचं. कंपाउंडचा 3-4 मिलिमीटरचा थर चालतो, इतका पातळ कोबा सुटून येतो. पोत्यामागे कंपाउंड महाग. जमीन दोन्हींखाली स्वच्छ घासलेली हवी, कंपाउंडखाली प्रायमरही. शॉवरच्या भागात टाईल्सआधी वॉटरप्रूफिंग हवंच.

शॉवरचा भाग कोब्यानेच करावा. बाहेरची कोरडी बाजू किंचित वरखाली असेल आणि दारापाशी उंची वाढवायची नसेल, तर तिथे कंपाउंड.