हायबरीच्या निरोपाची जर्सी, टॉवेलच्या कारखान्यातून पाहिलेली

लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबने 2005-06 च्या हंगामात घातलेल्या गडद लाल जर्सीची प्रतिकृती मी गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवली. जर्सीची किंमत 1,150 रुपये होती, पाठीवर नाव आणि 10 हा आकडा छापून घेण्याचे 150 रुपये वेगळे पडले, आणि पार्सल सोलापुरात पाचव्या दिवशी घरपोच आले. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारचा माल पाच-सहा दुकाने एकाच ठिकाणाहून उचलतात आणि आपापल्या पिशवीत घालून पाठवतात, असा माझा अंदाज आहे. माल अधिकृत नाही, हे मात्र त्याने आधीच स्पष्ट लिहिलेले होते.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात रंगाई आणि तपासणीचे काम पाहतो. त्यामुळे कोणतेही कापड हातात आले की मी आधी ते उलटे करतो, शिवण ताणतो आणि मग अंगाला लावतो. ही सवय घरच्यांना आवडत नाही.

पहिली गोष्ट रंगाची, कारण या जर्सीत रंगच सर्वकाही आहे. आर्सेनल 1913 मध्ये हायबरीच्या मैदानावर आला. तिथल्या त्या पहिल्या हंगामाची आठवण म्हणून, मैदान सोडण्याच्या शेवटच्या हंगामात क्लबने नेहमीचे तांबडे अंग आणि पांढऱ्या बाह्या बाजूला ठेवून सबंध गडद लाल जर्सी घातली आणि तिच्यावर सोनेरी आकडे घेतले. इंग्रजीत या रंगाला रेडकरंट म्हणतात. ते फळ मी कधी पाहिलेले नाही, पण सांगोल्याकडच्या भगव्या डाळिंबाचा पूर्ण पिकलेला दाणा उजेडात धरला तर जो रंग दिसतो, तो याच्या अगदी जवळचा आहे. आईने जर्सी पाहताच ‘हा तर इरकलीचा रंग’ असे म्हटले आणि तेही चुकीचे नव्हते. माझ्या आधीच्या दोन प्रतिकृतींत हा रंग एकदा विटकरी आणि एकदा चक्क वांगी निघाला होता. या वेळी तो बरोबर साधला आहे, आणि माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

कापडाबद्दल तेवढे चांगले म्हणता येणार नाही. आमच्याकडे वजन काढायचे तर गोल कटरने 100 चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापतात आणि त्याच्या वजनाला शंभराने गुणतात. इथे जर्सी कापता येत नसल्यामुळे हाताच्या अंदाजाने सांगतो की कापड 130 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 130 ग्रॅमच्या) आसपास असावे. ते पॉलिएस्टरचे असून त्याला बारीक जाळी आहे. सोलापूरच्या उन्हात अशी जाळी बरी वाटते, पण गळ्याची पट्टी दोन धुण्यांतच सैल पडली. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने दहा वेळा घासून पाहिले, तेव्हा फडक्यावर डाग जवळजवळ आला नाही. लाल रंगासाठी हा निकाल उत्तम आहे, कारण सर्वांत जास्त त्रास हाच रंग देतो.

आता 10 या आकड्याबद्दल. या हंगामाची जर्सी घेणारे बहुतेक जण आर्सेनलचा आघाडीवीर थिएरी ऑन्री याचा 14 छापून घेतात. माझी गोष्ट मात्र आर्सेनलमध्ये 10 आकडा घालणाऱ्या नेदरलँड्सच्या डेनिस बर्गकॅम्पपासून सुरू झाली. 4 जुलै 1998 रोजी, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणांत, लांबून आलेला चेंडू त्याने एका स्पर्शात उतरवला, दुसऱ्यात बचावपटूला चकवले आणि तिसऱ्यात गोल केला. जेवणाचे ताट समोर होते आणि घास हातातच राहिला. फुटबॉल म्हणजे कोल्हापूर, तिथल्या तालमींची ईर्ष्या आणि शाहू स्टेडियम, एवढेच तोपर्यंत मला ठाऊक होते. तो माणूस लंडनच्या कोणत्या क्लबात खेळतो हे शोधण्यातच माझे उरलेले वर्ष गेले, आणि 2003-04 मध्ये हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे 38 सामने न हरता खेळला, म्हणजे 26 जिंकला आणि 12 बरोबरीत सोडवले, तोपर्यंत मी सुटण्यापलीकडे गेलो होतो.

म्हणूनच मला ही जर्सी हवी होती. ती घालून संघाने 7 मे 2006 रोजी हायबरीवरचा शेवटचा सामना विगनविरुद्ध 4-2 असा जिंकला आणि स्वतःचा तिसरा गोल करून ऑन्रीने गुडघे टेकून गवताचे चुंबन घेतले. दहाच दिवसांनी पॅरिसला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. आपल्याकडे तो रात्री सव्वाबाराला सुरू झाला. गोलरक्षक लेमानला अठराव्या मिनिटाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले, तरी सोल कॅम्पबेलच्या हेडरने आम्ही बार्सिलोनाच्या पुढे होतो. मग दीडच्या सुमारास भारनियमनाने वीज गेली. गच्चीवर घामाघूम होऊन बसलेल्या आम्हा चौघांनी वीज येईपर्यंत कप जिंकल्याचे नक्की करून टाकले होते. दोनला पाच मिनिटे कमी असताना दिवे आले, तेव्हा पडद्यावर 2-1 होते आणि दोन आमचे नव्हते. त्या रात्री संघ पिवळ्या जर्सीत खेळत होता. या गडद लाल कापडाला त्या रात्रीचा डाग लागलेला नाही, आणि इतक्या वर्षांनी मी हीच जर्सी का मागवली याचे खरे कारण हेच आहे.

पुढच्या वर्षांचे फार सांगण्यासारखे नाही. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा 8-2 पराभव सोसला, आणि 17 मे 2014 ला, म्हणजे पॅरिसच्या बरोबर आठ वर्षांनी, हल सिटीविरुद्ध 0-2 वरून 3-2 असा एफए कप, म्हणजे इंग्लंडचा बाद फेरीचा चषक, परत आला. 2023, 2024 आणि 2025 असे सलग तीन हंगाम दुसरा क्रमांक घेतला, तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी माझ्याशी बोलणे टाळण्याचे सौजन्य दाखवले. हायबरीच्या जागी आता सदनिका आहेत आणि खेळपट्टीची बाग झाली आहे. भोंगे बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावात राहणाऱ्याला हे उलगडून सांगावे लागत नाही.

जर्सीचा एक दोष मात्र गंभीर आहे. बाहीवर प्रीमियर लीगचा जो बिल्ला चिकटवला आहे, तो 2016 नंतरच्या सिंहमुखाचा आहे. 2006 च्या जर्सीवर तो चालूच शकत नाही. शिवाय तो गरम दाबाने लावल्यामुळे पॉलिएस्टरमधला लाल रंग उष्णतेने वर चढला आणि बिल्ल्याचा पांढरा भाग पंधरा दिवसांत गुलाबी झाला. रंगाई खात्यातल्या कोणालाही हे आधीच सांगता आले असते. पाठीवरचा सोनेरी आकडा मात्र अजून शाबूत आहे, निदान डोळ्यांना तरी तिथे काही दिसत नाही. जर्सी उलटी करून, थंड पाण्यात धुतली आणि सावलीत वाळवली तर तो टिकावा.

तक्रार कळवल्यावर विक्रेत्याने पैसे परत द्यायची तयारी दाखवली, पण मी जर्सी ठेवून घेतली. गच्चीवरच्या चौघांपैकी एक जण आता पुण्याला असतो. त्याच्यासाठी 14 आकड्याची दुसरी मागवली आहे आणि सूचनेच्या रकान्यात ‘बाहीवर बिल्ला लावू नये’ असे लिहिले आहे. उत्तरात फक्त अंगठा आला आहे.