चुंबकाची बटणं की वेल्क्रो? एका हाताने शर्ट घालणाऱ्यांसाठी

अंगावरून वारं गेलं, त्याला आता पाच वर्षं झाली. उजवा पाय बराच सुधारला. सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानाला एक फेरी होते. हात मात्र कोपरापर्यंतच माझा आहे, बोटं अजून ऐकत नाहीत. तेव्हापासून घरात सगळ्यांचा एकच सल्ला, "बाबा, टी-शर्ट घाला ना." टी-शर्टाशी माझं वैर नाही. पण तीसेक वर्षं सातपूरच्या कारखान्यात शर्ट खोचून गेलो, आता भाचीच्या लग्नाला टी-शर्टात जाऊ? शिवाय डोक्यावरून घालायचा म्हणजे आखडलेला खांदा वर न्यावा लागतो, आणि मान गळ्यात अडकली की हाक मारावीच लागते. नेहरू शर्टाचंही तेच.

म्हणजे शर्ट समोरून उघडणारा हवा, आणि काज-बटण नको. असे दोन प्रकार मी वापरले: पुतण्याने अमेरिकेहून आणलेला चुंबकी बटणांचा शर्ट, आणि मेन रोडजवळच्या गल्लीतल्या शिंप्याकडून करून घेतलेले वेल्क्रोचे शर्ट. बाकीचे पर्याय एका दमात सांगून टाकतो. टिचबटणाला अंगठ्याचा जोर लागतो, तोच नसतो. चेन वर ओढायला सोपी, पण खालचं टोक खाचेत बसवायला दोन हात लागतात. तारेच्या फासाचा बटण-हूक मिळतो. एक हात पक्का आणि स्थिर असेल तर उत्तम, कंपवातवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

एक गोष्ट आम्हाला शिंप्यामुळेच कळली. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या बाजूला आणि काजं डाव्या बाजूला, म्हणजे सगळी रचना उजव्या हाताच्या भरवशावर. माझ्यासारख्या डाव्या हातावर आलेल्याला ती उलटी पडते. मी म्हटलं, बाजू बदलून शिवा. तो म्हणाला, "काका, बायकांच्या शर्टासारखं दिसेल." मग बेत रद्द.

आता चुंबक. त्याच्याशी माझी जुनी ओळख. टूलरूममध्ये ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर, म्हणजे लोखंडी तुकडा चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावर, जॉब लावण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे शर्ट हातात आल्यावर मी पोरासारखा खूश झालो. बाहेरून साधी बटणं, आत कापडात शिवलेल्या चुंबकाच्या चकत्या. दोन्ही पदर जवळ आणले की टक् करून बसतात. असा शर्ट ज्यांच्यामुळे निघाला ते डॉन हॉर्टन हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते, कंपवाताचे रुग्ण. सामन्यानंतर त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा त्यांच्याच एका खेळाडूने ती लावून दिली. पुढे त्यांच्या पत्नीने चुंबकी शर्ट तयार केला. गोष्ट वाचली तेव्हा मला माझा मुलगा आठवला. तो बटणं लावताना मुद्दाम दुसरीकडे बघतो.

दिसायला चुंबकाच्या शर्टाला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. कोणाला कळतही नाही. काढायलाही सोपा, वरून ओढला की सगळी एकामागोमाग सुटतात. माझी चिडचिड झाली ती घालताना.

चुंबक वाट बघत नाही. मी पलंगावर बसतो, आधी उजवा हात बाहीत (दुखरा हात आत जाताना पहिला, बाहेर येताना शेवटचा, हे थेरपीवाल्या ताईंनी घोकून घेतलंय), मग शर्ट पाठीमागून फिरवून डावा. इथपर्यंत ठीक. पण बसल्यावर पोटापाशी कापडाला घड्या पडतात, आणि मी वरचं बटण जुळवेपर्यंत खालची दोन आपापसातच जमलेली असतात. तिसरं चौथ्याला चिकटतं, पदराचा पंखा होतो. एक सोडवायला जावं तर दुसरं बोटाच्या खालून उडी मारून तिसऱ्याला मिळतं. दोन हात असणाऱ्याला यात काही नाही, एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडवायचं. माझ्याकडे धरणारा हातच नाही. एका साखरपुड्याच्या सकाळी पाव तास मी हा खेळ खेळलो, आणि शेवटी आमच्या हिलाच बोलावलं. ज्या कामासाठी शर्ट आला, तेच राहिलं.

उभं राहून घातला तर हा त्रास कमी होतो, हेही सांगायला हवं. ज्यांचा तोल चांगला आहे त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. मला उभं राहून घालायचं तर पाठ कपाटाला टेकवावी लागते. कपाट लोखंडी. पुढचं तुम्ही समजून घ्या.

धुण्याचंही पाहून घ्या. मशीनमध्ये चकत्या ड्रमला चिकटून बसतात, आपटून वरचा मुलामा गेला तर आतला भाग गंजतो आणि कापडावर तांबूस डाग येतो. इस्त्री चकतीवर नको. नेहमीच्या निओडिमियम चुंबकाची ताकद 80 अंश सेल्सिअसच्या वर घटत जाते, आणि इस्त्री त्याहून पुष्कळ तापते. सगळ्यात महत्त्वाचं, छातीत पेसमेकर असेल तर हा शर्ट नकोच. चुंबक पेसमेकरपासून निदान 15 सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, आणि शर्टाचं दुसरं बटण कुठे येतं ते पाहा. अशा घरी तुलना इथेच संपली.

वेल्क्रोला माझा आधी विरोधच होता. शाळेच्या पोरांच्या बुटांना असतं ते, ही माझी समजूत. चर्रकन आवाज होतो, हेही खरं. पण सकाळी आपल्या खोलीत शर्ट घालताना तो ऐकायला असतं कोण?

पहिला शर्ट फसला, आणि चूक अर्धी माझी. शिंप्याने वरपासून खालपर्यंत अखंड पट्टी लावली. शर्टाचा पुढचा भाग पुठ्ठ्यासारखा ताठ झाला, बसलं की पोटापाशी फुगायचा. शिवाय खरखरीत बाजू वरच्या पदराच्या आत आली, ती बनियनला ओरबाडायची. इस्त्रीवाल्याला सांगायचं राहिलं, त्याने कडक इस्त्री फिरवली आणि दोन ठिकाणी नायलॉन वितळून गुळगुळीत झालं.

दुसऱ्या वेळी बसून ठरवलं. पट्टी नाही, बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे, जुन्या बटणांच्या जागी. मऊ बाजू वरच्या पदराच्या आत, खरखरीत बाजू खालच्या पदरावर, बाहेर तोंड करून. काजं बंद करून त्यांच्यावरच जुनी बटणं शिवली, म्हणजे पाहणाऱ्याला साधा शर्ट. मनगटालाही तसाच एक तुकडा. जुन्याच शर्टांवर काम केल्यामुळे खर्च फारसा झाला नाही. पुतण्याच्या शर्टाच्या किमतीत असे कितीतरी झाले असते.

आणि इथे माझा निकाल लागला. वेल्क्रोचा तुकडा दाबेपर्यंत स्वस्थ पडून राहतो. मी पलंगावर बसतो, खालचा पदर आजारी हाताच्या मनगटाने मांडीशी दाबून धरतो, वरचा पदर डाव्या हाताने त्यावर आणतो आणि तळहाताने थापटतो. चिमूट लागत नाही, बोटं लागत नाहीत. वाकडं बसलं तर दिसतं, आणि तेवढाच एक तुकडा काढून नीट लावता येतो. डिसेंबरात, नाशिकच्या थंडीत डावी बोटंही काकडलेली असतात, तेव्हा हे फार जाणवतं.

खोट नाही असं नाही. धुताना तुकडे बंद केले नाहीत तर मशीनमधली प्रत्येक साडी त्यांना धागा देऊन जाते, म्हणून आमच्याकडे वेल्क्रोचे शर्ट वेगळ्या बादलीत. महिन्यातून एकदा आकड्यांत अडकलेला कापूस जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावा लागतो. स्वेटर घालताना शर्ट आधी पूर्ण बंद हवा, नाहीतर लोकर ओढली जाते. आणि हात फार थरथरत असेल तर तुकडे तिरके बसतात. तिथे चुंबक आपण होऊन जागेवर जातं हा त्याचा गुण ठरू शकेल. कंपवाताच्या माणसाने, सोबत कुणी असताना, दोन्ही घालून पाहावेत असं मला वाटतं.

पँटचं थोडक्यात. लेंग्याची नाडी एका हाताने बांधून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. कमरेला इलॅस्टिक, पुढे नुसती दिसायला चेन, आणि दोन्ही बाजूंना आतून अंगठा अडकवायला नाडीचे फास. त्यात चुंबकाला काम नाही.

पुढच्या महिन्यात नातवाची मुंज आहे, पंचवटीत. शिंप्याकडे दोन शर्ट टाकून आलोय, एक मोतिया रंगाचा. पुतण्याला वाईट वाटू नये म्हणून चुंबकाचा शर्टही ठेवलाय, कपाटाच्या दाराला बाहेरून. खुंटी लागत नाही.