ई-श्रम: नोंद कामगाराची, पत्ता नाही मालकाचा

ई-श्रम या असंघटित कामगारांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय, अवश्य करावी’ असे आहे. परंतु त्या नोंदणीतून काय मिळते याविषयी जो समज गावोगावी पसरला आहे, तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. कार्ड काढले की खात्यात पैसे जमा होतात, दोन लाखांचा विमा आपोआप लागू होतो, सरकार काम मिळवून देते, अशा अपेक्षा घेऊन लोक रांगेत उभे राहतात आणि वर्षभरात काहीच घडले नाही म्हणून ते कार्ड पत्र्याच्या पेटीत टाकून देतात. असंघटित कामगारांसाठी चालवलेली एक सेवा म्हणून या पोर्टलकडे पाहिले, तर त्याचे काही गुण खरोखर मोठे आहेत आणि त्याची मुख्य उणीव मात्र तितकीच मूलभूत आहे.

हे पोर्टल कशातून जन्माला आले हे आधी लक्षात घ्यावे लागते. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर लाखो मजूर शहरांतून पायी गावाकडे निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर किती मजुरांचा मृत्यू झाला याची आकडेवारी उपलब्ध नसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. २९ जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदवही ३१ जुलैपर्यंत सुरू करण्यास बजावले आणि प्रत्यक्षात २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम सुरू झाले. आज तिथे तीस कोटींहून अधिक कामगारांची नोंद असून त्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. नोंदणी केलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचे मासिक उत्पन्न दहा हजार रुपये किंवा त्याहून कमी असल्याचे याच पोर्टलच्या आकडेवारीतून पुढे आले. देशातील श्रमाचे इतके उघडे चित्र यापूर्वी एका जागी कधी मिळाले नव्हते, आणि ते मिळाले हे श्रेय या सेवेला द्यायलाच हवे.

नोंदवहीचा सर्वांत ठोस उपयोग मात्र कामापेक्षा धान्याच्या बाबतीत झाला. ई-श्रमवर नाव आहे पण शिधापत्रिका नाही, असे सुमारे आठ कोटी लोक निघाले आणि त्यांना शिधापत्रिका देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. यादीच नसती तर हा प्रश्न न्यायालयापुढे या स्वरूपात उभाच राहिला नसता. नुसती नोंद करून काय होणार, असे विचारणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

नोंदणीची प्रक्रिया सोपी आहे आणि ती विनामूल्य आहे. आधार क्रमांकाशी मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी घेऊन स्वतः अर्ज भरता येतो, नसेल तर सुविधा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे देऊन तो भरता येतो. धुणीभांडी करून किंवा सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यांचे ठसे अनेकदा जुळत नाहीत. अशा वेळी बुबुळांचा पर्याय आग्रहाने मागावा. अर्ज पूर्ण झाला की बारा आकडी क्रमांक असलेले कार्ड लगेच मिळते आणि तो क्रमांक आयुष्यभरासाठी असतो. सुरुवातीपासून ठेवलेली १६ ते ५९ या वयाची अट मला खटकते, कारण साठी ओलांडलेला रात्रपाळीचा वॉचमन हे कोणत्याही शहरात रोज दिसणारे वास्तव आहे. भविष्य निर्वाह निधीचे किंवा ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) सदस्य असलेल्यांना येथे नोंदणी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत घाईने भरला जाणारा भाग व्यवसायाचा आहे. सुमारे तीस क्षेत्रांतील चारशे व्यवसायांच्या यादीतून एक मुख्य आणि एक दुय्यम व्यवसाय निवडायचा असतो. आता एखादी बाई सकाळी चार घरची धुणीभांडी करते, दुपारी केटररकडे पोळ्या लाटते आणि लग्नसराईत वाढपी म्हणून जाते. तिच्या तिसऱ्या कामाला अर्जात जागा नाही हे एक वेळ चालेल, पण केंद्रावरचा मुलगा रांग आवरण्याच्या नादात ‘घरकामगार’ एवढेच टिपतो आणि दुसरा रकाना मोकळा सोडतो, तेव्हा पोळ्या लाटण्याचे तिचे कसब सरकारी नोंदीतून नाहीसे होते. पुढे एखाद्या विशिष्ट व्यवसायासाठी प्रशिक्षण किंवा योजना आली तर लाभार्थी शोधताना हेच रकाने पाहिले जाणार आहेत, म्हणून दोन्ही व्यवसाय नोंदवून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

विम्याविषयी तर फारच गैरसमज आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि अंशतः अपंगत्वासाठी एक लाख रुपये देण्याची जी तरतूद ई-श्रमच्या नावाने गाजली, ती ३१ मार्च २०२२ पर्यंत नोंदणी केलेल्या आणि त्या तारखेपर्यंत अपघात झालेल्या कामगारांपुरती होती. त्यानंतरच्या अपघातांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत स्वतंत्रपणे नाव घालावे लागते. तिचा हप्ता वर्षाला अवघा वीस रुपये आहे आणि तो मे महिन्याच्या अखेरीस बँक खात्यातून परस्पर वळता होतो. त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसतील तर संरक्षण संपते. रोजंदारीवरच्या माणसाचे खाते महिनाअखेरीस कोरडे असणे यात नवल काहीच नाही. कार्ड हातात देताना ही एक गोष्ट दोन वाक्यांत सांगितली गेली असती, तर कित्येक कुटुंबांचा पुढचा हेलपाटा वाचला असता.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत श्रमयोगी मानधन योजनेकडे जाण्याची वाट या पोर्टलवरून आहे. अठरा ते चाळीस वयाच्या आणि महिन्याला पंधरा हजारांपर्यंत मिळकत असलेल्या कामगाराने वयानुसार ५५ ते २०० रुपये दरमहा भरायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि साठीनंतर महिना तीन हजार रुपये मिळवायचे, अशी ती २०१९ पासूनची योजना आहे. तीस कोटींच्या नोंदवहीपुढे तिच्या सदस्यांची संख्या अर्ध्या कोटीच्या आसपास घुटमळते. याचे कारण कामगाराला उद्याची फिकीर नाही असे मुळीच नाही. ज्याला चार महिने काम आणि दोन महिने खाडा अशी सवय आहे, त्याला वीस-तीस वर्षे न चुकता दरमहा हप्ता भरायला सांगणारी योजना मुळात पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून आखलेली वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कार्डाने काम मिळते का, आणि मिळालेल्या कामाची प्रत सुधारते का? ई-श्रमचा क्रमांक वापरून नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंद करता येते, कौशल्य प्रशिक्षणाच्या पोर्टलशीही जोडणी आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून निरनिराळ्या मंत्रालयांच्या योजना एकाच ठिकाणी दिसाव्यात अशी सोय करण्यात आली आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत पोर्टल वापरता येते, हेही चांगले झाले. तरीही गवंडी आजही सकाळी नाक्यावर उभा राहतो आणि प्लंबर ओळखीतूनच बोलावला जातो, कारण काम देणारा माणूस या व्यवस्थेत कुठेच नाही.

ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याचे उदाहरण घ्या. तुम्ही स्थलांतरित आहात का, हे अर्ज विचारतो. मजुरांची टोळी नेणारा मुकादम कोण, त्याच्याकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, तोडणी कोणत्या कारखान्यासाठी, हे विचारत नाही. त्यामुळे त्या जोडप्याचे नाव, वय, शिक्षण आणि बँक खाते सरकारला कळते, आणि ज्या व्यवहारावर त्यांचे वर्षाचे सहा महिने अवलंबून आहेत तो व्यवहार मात्र पूर्वीसारखाच अंधारात राहतो. वेतन थकले, हजेरी कापली, अपघात झाला, तर या कार्डाच्या आधारे बोट दाखवायला समोर कोणीच नसते.

दोन्ही बाजूंची नोंद अशक्य आहे असे म्हणावे, तर महाराष्ट्रातच त्याचे उत्तर पन्नास वर्षांहून जुने आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याने हमालांची टोळी आणि त्यांना काम देणारा व्यापारी, दोघांनाही माथाडी मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, तिच्यावर ठरलेली लेव्ही भरतो, आणि मंडळ कामगाराला वेतन देऊन लेव्हीच्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), भरपगारी रजा व औषधोपचार यांची तजवीज करते. मालक रोज बदलला तरी कामगाराचे हक्क बदलत नाहीत, हे या रचनेचे मर्म आहे. मंडळांचा कारभार निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. बोगस माथाडींच्या आणि दमदाटीच्या तक्रारी विधिमंडळापर्यंत गेल्या आहेत. पण पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला निवृत्त होताना निधीची रक्कम हातात मिळाली ती या दुहेरी नोंदीमुळेच. बांधकाम कामगार मंडळातही बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, म्हणजे काम करवून घेणारा काहीतरी देतो. (ई-श्रम कार्ड असले तरी या मंडळाकडे नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला जोडून वेगळी नोंदणी करावीच लागते, हे बांधकामावरच्या मजुरांनी विसरू नये.)

काही बदल होऊ घातले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरपोच सेवा किंवा टॅक्सी पुरवणाऱ्या ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत भरावेत अशी तरतूद आहे, आणि अशा कामगारांची नोंद ई-श्रमवरच होत आहे. या नोंदवहीच्या पानावर काम देणाऱ्याचे नाव आणि त्याची जबाबदारी शेजारी शेजारी येण्याची ही पहिलीच वेळ आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला हे लागू होऊ शकते, तर घरकाम करणाऱ्या बाईला आणि वीटभट्टीवरच्या मजुराला का नाही, याचे पटेल असे उत्तर मला संहितेत सापडत नाही.

तोवर या सेवेकडून जेवढे मिळते तेवढे नीट पदरात पाडून घ्यावे. नोंदणीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. शंका असल्यास १४४३४ या मदत क्रमांकावर विचारावे. वीस रुपयांचा विमा बँकेत जाऊन स्वतंत्रपणे सुरू करावा आणि मे महिन्यात खात्यात पैसे ठेवण्याची आठवण घरातल्या शिकत्या मुलावर सोपवावी. गाव, मोबाईल क्रमांक किंवा काम बदलले की नोंद अद्ययावत करावी, कारण जुन्या मोबाईल क्रमांकावर गेलेला ओटीपी कोणाच्याच उपयोगाचा नसतो. आणि वारसाचा रकाना मोकळा राहिला असेल तर तो पुढच्याच खेपेला भरून घ्यावा.