बोईसरच्या गच्चीवर गायगर मीटर : तीन महिन्यांचा अनुभव

तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्या जवळच, १९६९ पासून चालू आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. "बाई, आपल्याकडे किरणं येतात का हो?" हे मुलं दरवर्षी विचारतात, म्हणून साडेसहा हजारांचा हातात मावणारा गायगर मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, ऑनलाइन मागवला.

गच्चीवर आकडा ०.१० ते ०.१६ मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचं एकक) प्रतितास दिसतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी असते तेवढीच नैसर्गिक पातळी. वर्गात पेट्रोमॅक्सचं जुनं मेंटल जवळ नेलं, तर टिकटिक एकदम वाढली, कारण त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू होता. वीतभर मागे सरकवलं आणि आवाज उतरला. अंतराचं महत्त्व मुलांना तिथल्या तिथे कळलं. पैसे तिथेच वसूल झाले.

बॅटरीचं झाकण मात्र आठवड्यात सैल झालं. आकडा स्थिरावायला दहा मिनिटं लागतात, पहिल्याच आकड्याला घाबरू नका. अल्फा कण, म्हणजे किरणोत्साराचा सहज अडणारा प्रकार, यंत्राच्या कवचातच अडतात, ते मोजले जात नाहीत. दूध-पाणी तपासायला प्रयोगशाळाच हवी.

आणि अणुकचऱ्याचा प्रश्न या यंत्राला दिसतच नाही. तारापूरला अतिकिरणोत्सारी कचरा काचेत मिसळून स्टीलच्या डब्यांत बंद करतात, डबे हवेने थंड ठेवतात. त्यातल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) ३० वर्षं, म्हणजे दहावा हिस्सा उरायलाच शंभर वर्षं. जमिनीखाली खोल, कायमची जागा भारतात अजून नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या नातवंडांनाही ते डबे सांभाळावे लागणार, याची मला खरंच काळजी वाटते.

शाळेसाठी जरूर घ्या.